धातूच्या जागी प्लॅस्टिक: कुठवर आलो आहोत

रेल्वेच्या फलाटावर उभे राहून रुळाच्या बुडाकडे पाहिले, तर काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ दाबून धरणारी पोलादी क्लिप दिसते. क्लिप आणि रूळ यांच्यामध्ये बोटाएवढ्या जाडीचाही नसलेला एक तुकडा बसवलेला असतो. अनेक ठिकाणी तो प्लॅस्टिकचा असतो. रेल्वेतले लोक त्याला जीएफएन लायनर म्हणतात, म्हणजे काचतंतू मिसळलेल्या नायलॉन ६६ चा लायनर. सिग्नल यंत्रणा रुळांमधून वीज खेळवून गाडी कुठे आहे ते ओळखते. त्यासाठी रूळ आणि स्लीपर यांच्यात वीज अडवणारे काहीतरी लागते, आणि ते काम पोलादी लायनरला जमत नाही. शिवाय पोलादी लायनरखाली ओल धरून रुळाचा पाया गंजतो. नायलॉनने हे दोन्ही प्रश्न सुटले. पण क्लिपच्या सततच्या दाबाखाली नायलॉनचा लायनर चिरडतो आणि बदलावा लागतो.

अभियांत्रिकी प्लॅस्टिकांबद्दल गेली सत्तर-ऐंशी वर्षे चाललेली चर्चा या लायनरमध्ये जवळजवळ पूर्ण सामावलेली आहे. धातूला जे जमत नाही ते प्लॅस्टिक देते, आणि बदल्यात धातूला ज्याची फारशी काळजी नसते त्याची काळजी घ्यायला लावते. तो हिशेब आज कुठे जुळला आहे आणि कुठे नाही, हे या लेखात पाहायचे आहे.

नाव कशाला द्यायचे

बाजारात रूढ असलेली विभागणी तापमानाची आहे. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या वर जी सतत टिकत नाहीत ती साधी प्लॅस्टिके: पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन. १०० ते १५० अंशांपर्यंत काम करतात ती अभियांत्रिकी प्लॅस्टिके आणि त्याहून वरची उच्च कार्यक्षमतेची. सोयीची वर्गवारी आहे, पण तिच्या सीमारेषा पक्क्या नाहीत. काचतंतू घातलेले पॉलिप्रॉपिलिन आज नायलॉनच्या कितीतरी जागा घेते. एबीएसला काही पुस्तके अभियांत्रिकीत बसवतात, काही साध्यात. ज्या पॉलिथिनची पिशवी आपण फेकून देतो, त्याचीच अतिशय लांब साखळ्यांची जात माणसाच्या खुब्यात वीस-वीस वर्षे काम करते.

माझ्या मते हे नाव पदार्थाला न देता कामाला द्यावे. जो भाग गेला तर यंत्र थांबते, अशा भागासाठी ज्याच्या मापावर आणि ताकदीवर विसंबता येते ते अभियांत्रिकी प्लॅस्टिक. पुढच्या मजकुरात हीच व्याख्या धरली आहे.

पूर्वपीठिका

सुरुवात बेकलाइटपासून करावी लागते. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून पूर्णपणे कृत्रिम असे पहिले प्लॅस्टिक बनवले. जुन्या घरांतली काळी, गोल बटणे त्याचीच. ते उष्णदृढ होते, म्हणजे एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नसे. १९२० मध्ये हर्मान श्टाउडिंगर यांनी हे पदार्थ हजारो कड्यांच्या लांबलचक साखळ्यांचे असतात असे मांडले. ते रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरायला बराच काळ गेला. नोबेल पारितोषिक त्यांना १९५३ मध्ये मिळाले.

त्या सिद्धान्ताला हाताशी धरून ड्यूपाँ कंपनीत वॉलेस करॉथर्स यांनी काम केले आणि २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन ६६ प्रथम तयार झाले. जर्मनीत पाउल श्लाक यांनी १९३८ मध्ये नायलॉन ६ बनवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉय प्लंकेट यांना वायूच्या टाकीत अनपेक्षितपणे पांढरी भुकटी सापडली, तीच पुढे टेफ्लॉन झाली. तिचा पहिला मोठा उपयोग अणुबाँबच्या प्रकल्पात झाला, कारण युरेनियम हेक्झाफ्लोराइडसारख्या जहाल वायूपुढे टिकणारी दुसरी सीले मिळत नव्हती.

युद्धानंतरची काही दशके या क्षेत्राचा बहर होता. १९५३ मध्ये बायर कंपनीत हर्मान श्नेल आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांना नकळत पॉलिकार्बोनेट बनवले. १९६० मध्ये अॅसिटल बाजारात आले, ज्याला आपल्याकडचे टर्नर सरसकट डेलरिन म्हणतात. १९७८ मध्ये आयसीआय कंपनीत पीक (PEEK) हे प्लॅस्टिक तयार झाले. त्यानंतर मुळातून नवी अशी मोठी जात क्वचितच आली. आजचे बहुतेक नवे काम मिश्रणे, तंतू आणि पूरक द्रव्ये यांत चालते.

मुख्य कुळे

तांत्रिकदृष्ट्या पहिला भेद स्फटिकी आणि अस्फटिकी असा आहे. नायलॉन, अॅसिटल, पीबीटी, पीक यांच्या साखळ्या जागोजागी घडी घातल्यासारख्या रचल्या जातात. त्यामुळे ही प्लॅस्टिके तेल-ग्रीसला दाद देत नाहीत, घासण्यात टिकतात आणि ठरावीक तापमानाला वितळतात. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांच्या साखळ्या गुंतवळासारख्या असतात. ती माप चांगले धरतात आणि हळूहळू मऊ होतात. पॉलिकार्बोनेट तर काचेसारखे पारदर्शक असते. पण ही दोन्ही काही द्रावकांचा स्पर्श झाला की ताणाखाली तडकतात. हेल्मेटची काच थिनरने पुसू नये किंवा कवचाला पेट्रोल लागू देऊ नये असे सांगतात ते यामुळेच.

नायलॉन हे खूप वापरातले आणि तितकेच चुकीचे समजले गेलेले प्लॅस्टिक आहे. ते चिवट आहे, तेलाशिवाय फिरते, आवाज कमी करते. नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना वितळते, नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना. पण नायलॉन पाणी पिते. हवेतल्या मध्यम आर्द्रतेत नायलॉन ६६ वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास पाणी घेते, आणि पाण्यात बुडवून ठेवले तर साडेआठ टक्क्यांपर्यंत. ५० मिलिमीटर व्यासाचा बुश हवेतल्या ओलीनेच साधारण पाव मिलिमीटर फुगू शकतो. उन्हाळ्यात कोरड्या रॉडमधून बरोबर मापाने टर्न केलेला बुश पावसाळ्यात शाफ्टवर जाम होतो, तो यामुळे. पण तेच पाणी नायलॉनला चिवटपणा देते. साच्यातून नुकताच निघालेला जॉब ठिसूळ असतो, म्हणून अनेक कारखान्यांत तो गरम पाण्यात ठेवून मग जोडणीला पाठवतात. म्हणजे नायलॉनची ताकद किती, या प्रश्नाला ओले की कोरडे हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

जिथे हे पाणी परवडत नाही तिथे अॅसिटल येते. ते पाणी फार कमी घेते, स्प्रिंगसारखे परत येते, माप धरते. छोटे गिअर, चेन, लायटरची अंगे, इन्सुलिन पेनमधली यंत्रणा त्याचीच. त्याचा कच्चा दुवा क्लोरीन आहे, त्याबद्दल पुढे.

पॉलिकार्बोनेटची ओळख म्हणजे आघात सोसणे. अपोलो मोहिमेतल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांपासून १९८२ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कपर्यंत आणि आजच्या गाड्यांच्या हेडलाइटपर्यंत ते पसरले. साच्यात जाण्याआधी त्याचे दाणे साधारण १२० अंशांना काही तास वाळवावे लागतात. घाई केली की ओलीने साखळ्या तुटतात. जॉब दिसायला ठीक, पण हातातून पडला की फुटतो. पीबीटी विजेच्या कनेक्टरांमध्ये स्थिरावले आहे. पीपीओ एकटे वितळवायला फार अवघड होते, पॉलिस्टायरीनमध्ये मिसळल्यावर ते कामाला आले. एबीएसबद्दल एवढेच सांगतो की लेगोने १९६३ मध्ये आपल्या विटांसाठी ते घेतले ते त्याच्या मापावरच्या पकडीसाठी.

वरच्या पायरीवर पीपीएस, पीईआय, पॉलिइमाइड, टेफ्लॉन आणि पीक आहेत. पीक ३४३ अंशांना वितळते आणि २५० अंशांच्या आसपास सतत काम करू शकते. त्यातून क्ष-किरण आरपार जातात, म्हणून मणक्याच्या शस्त्रक्रियेत त्याचे ठोकळे वापरतात. त्याची किंमत नायलॉनच्या कितीतरी पट असते, त्यामुळे विमान, तेलविहिरी आणि शस्त्रक्रिया यांबाहेर ते बेताने दिसते.

खुब्याची गोष्ट

तक्त्यातला आकडा आणि प्रत्यक्ष वापर यांतले अंतर मला सर्वांत स्पष्ट दिसले ते जॉन चार्नली यांच्या कामात. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या राइटिंग्टन रुग्णालयात हे शल्यविशारद कृत्रिम खुब्यावर काम करत होते. पोलादी गोळ्याला खोबण कशाची करावी? त्यांनी टेफ्लॉन निवडले. घर्षण इतके कमी असलेले घन पदार्थ बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, त्यामुळे निवड तर्काला धरून होती. सुमारे तीनशे रुग्णांना ती बसवली गेली. तीन-चार वर्षांत खोबणी झिजल्या आणि झिजेच्या कणांनी भोवतालच्या ऊतींना सूज आणली. चार्नली यांनी ते कण स्वतःच्या मांडीत टोचून परिणाम तपासला.

मे १९६२ मध्ये यंत्रमागाचे प्लॅस्टिक गिअर विकणारा एक विक्रेता रुग्णालयात आला. त्याच्याकडे अतिशय लांब साखळ्यांच्या पॉलिथिनचा तुकडा होता. चार्नली यांना त्यात दम वाटला नाही. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते परगावी असताना तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस फिरूनही तो टेफ्लॉन एका दिवसात झिजते तेवढाही झिजला नव्हता. नोव्हेंबर १९६२ पासून त्याच पदार्थाच्या खोबणी बसू लागल्या, आणि त्याच कुळातले पॉलिथिन जगभर आजही वापरात आहे.

घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हे गृहीत तिथे मोडले. मागाचा गिअर हा त्या पदार्थाचा खरा दाखला होता, कारण तो मागावर घासून सिद्ध झालेला होता. आपल्याकडे इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांवर धोट्याला फटका देणारा पिकर एकेकाळी म्हशीच्या कातड्याचा असे. पुढे तिथेही प्लॅस्टिकचे पिकर आले.

पुढची गोष्टही सरळ नाही. निर्जंतुक करण्यासाठी हवेत गॅमा किरण दिल्यावर हे पॉलिथिन वर्षांनुवर्षे आतून ऑक्सिडीकरण होऊन ठिसूळ होत जाते, हे पुढे लक्षात आले. नव्वदीच्या दशकाअखेर साखळ्या एकमेकींना बांधलेली जात आली, नंतर जीवनसत्त्व ई मिसळलेली आली. झीज घटते तसा चिवटपणाही थोडा घटतो. त्यातला समतोल कुठे धरायचा, यावर अस्थिशल्यतज्ज्ञांत अजून एकमत नाही.

धातू बदलावा का: तीन मते

पहिले मत बदलाच्या बाजूचे. पोलादाची घनता ७.८५, नायलॉनची १.१४. प्लॅस्टिक गंजत नाही, रंग मागत नाही, अनेकदा तेलही मागत नाही. सर्वांत मोठा फायदा म्हणजे पाच-सहा भागांचे काम साच्यातून एकाच फटक्यात निघते. गाडीच्या इंजिनातले हवा घेणारे मॅनिफोल्ड पूर्वी अॅल्युमिनियमचे ओतीव असे, आता बहुतांशी काचतंतू भरलेल्या नायलॉनचे असते. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांचेही तेच झाले.

दुसरे मत सावध आहे आणि त्याची बाजू भक्कम आहे. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल, अॅसिटलचा ३ च्या आसपास. तीस टक्के काचतंतू घालूनही कोरडे नायलॉन १० पर्यंतच पोहोचते. उष्णतेने नायलॉन पोलादाच्या सात-आठपट पसरते. आणि सतत भार असला की प्लॅस्टिक हळूहळू वाहते, ज्याला कारखान्यात क्रीप म्हणतात. आज घट्ट बसवलेला स्क्रू वर्षभराने सैल होतो. आगीचा प्रश्न वेगळाच.

तिसरे मत म्हणते की धातूच्या भागाचा आकार तसाच ठेवून पदार्थ बदलणे हीच मूळ चूक आहे. फासळ्या द्या, भिंती सारख्या जाडीच्या ठेवा, काचतंतू साच्यात कोणत्या दिशेने वळतील ते आधी संगणकावर पाहा. वितळलेले दोन प्रवाह जिथे भेटतात ती रेघ भाराच्या जागी येऊ देऊ नका. मला हे मत पटते, कारण अपयशी जॉबांची कहाणी बहुधा याच चुकांपाशी पोहोचते.

तरी तिघांनाही अडवणारा प्रश्न एकच आहे, काळाचा. क्रीपची चाचणी बहुधा हजार तासांची असते, म्हणजे जेमतेम ४२ दिवस. दहा वर्षांचे तास होतात ८७,६००. मधली दरी भरायला चाचणी जास्त उष्णतेत करतात आणि आलेला कल पुढे ताणतात. ऱ्हास एकाच कारणाने होत असेल तर हा अंदाज बऱ्यापैकी बसतो. ऊन, ओल, भार आणि एखादे रसायन एकत्र आले की तो चुकू शकतो. अमेरिकेत घरगुती नळजोडणीसाठी पॉलिब्युटिलिनचे पाइप आणि अॅसिटलचे सांधे मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनने सांधे वर्षांनुवर्षे कुरतडले, घराघरांत गळती झाली आणि १९९५ मध्ये ९५ कोटी डॉलरचा न्यायालयीन समझोता झाला. ताकदीच्या तक्त्यात अॅसिटल नापास नव्हते. पाण्यातल्या किंचित क्लोरीनशी वर्षांचा संबंध आल्यावर काय होते, हे त्या तक्त्यात नव्हते.

आरोग्याचे दोन वाद

पॉलिकार्बोनेट बिस्फिनॉल ए पासून बनते आणि त्याचा अंश अन्नात उतरू शकतो. युरोपीय संघाने बाळाच्या बाटल्यांतून त्याला २०११ मध्ये हटवले. एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुरक्षित दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पट कमी केली. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने या निष्कर्षाशी असहमती नोंदवून प्राधिकरणापेक्षा हजार पट सैल मर्यादा सुचवली. दोन्हीकडे जबाबदार शास्त्रज्ञ आहेत, मतभेद आहे तो प्राण्यांवरच्या कोणत्या परिणामाला अपाय मानायचे यावर. डिसेंबर २०२४ मध्ये संघाने अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूंतून बिस्फिनॉल ए वगळण्याचा नियम केला. हेडलाइट किंवा हेल्मेट यांच्याशी त्या नियमाचा संबंध नाही, हा फरक बातम्यांत अनेकदा हरवतो.

दुसरा वाद फ्लोरिनच्या संयुगांचा. टेफ्लॉन बनवताना वापरले जाणारे पीएफओए अमेरिकेत पार्कर्सबर्ग परिसराच्या पिण्याच्या पाण्यात उतरले. त्याची चौकशी करणाऱ्या शास्त्रज्ञ मंडळाने २०१२ पर्यंत सहा आजारांशी त्याचा संभाव्य संबंध नोंदवला. जानेवारी २०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी अशा दहा हजारांहून अधिक संयुगांवर एकत्र निर्बंधाचा प्रस्ताव दिला, त्यात टेफ्लॉनसारखी बहुवारिकेही (पॉलिमर) आली. उद्योगाचे म्हणणे असे की ही साखळी इतकी मोठी आणि निष्क्रिय आहे की ती शरीरात शिरत नाही, आणि रासायनिक कारखान्यांतल्या सीलांना पर्याय नाही. प्रस्तावाच्या बाजूचे म्हणतात की बनवताना आणि जाळताना काय सुटते तेही मोजा. मला दोन्ही मुद्दे खरे वाटतात, कारण ते एकाच पदार्थाच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल आहेत.

पुरवठा, एरंडेल आणि भंगार

३१ मार्च २०१२ रोजी जर्मनीतल्या मार्ल येथे एका रासायनिक संयंत्रात स्फोट होऊन दोन कामगार मरण पावले. तिथे बनणारा कच्चा माल नायलॉन १२ ला लागत असे, आणि जगभरातल्या गाड्यांच्या इंधन व ब्रेकच्या नळ्या त्या नायलॉनवर चालत होत्या. काही आठवड्यांत डेट्रॉइट परिसरात वाहन कंपन्यांना एकत्र बसून पर्याय शोधावे लागले. त्यातला एक होता नायलॉन ११, आणि तो एरंडेलापासून बनतो. जगातला बहुतांश एरंड भारतात पिकतो, त्यातही गुजरातेत. म्हणजे खनिज तेलाशिवाय बनणारे, ट्रकच्या ब्रेकनळ्यांत अनेक दशके टिकलेले अभियांत्रिकी प्लॅस्टिक आपल्याच शेतातल्या बियांवर उभे आहे. एरंडाचे पीक पावसावर आणि भावावर हेलकावे खाते, त्यामुळे नायलॉन ११ सर्वांना पुरेल का, याचे उत्तर कोणी ठामपणे देत नाही.

वरच्या पायरीवरही भारतात काम झाले आहे. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकलेले आणि डोंबिवलीत कारखाना उभारलेले केकी घरडा यांच्या कंपनीने गुजरातमधील पानोली येथे पीकच्या कुळातली बहुवारिके स्वतःच्या संशोधनातून बनवली. २००५-०६ मध्ये हा व्यवसाय बेल्जियमच्या सॉल्व्हे कंपनीकडे गेला.

राहिला वापरून झालेल्या मालाचा प्रश्न. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लॅस्टिक बनले आणि कचऱ्यातले जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आले. अभियांत्रिकी प्लॅस्टिके महाग असल्याने त्यांचे नशीब बरे असावे असे वाटते. कारखान्यातला रनर, म्हणजे साच्याच्या वाटेत घट्ट झालेला उरलेला माल, दळून पुन्हा यंत्राच्या हॉपरमध्ये जातो हे खरेच आहे. पण प्रत्येक दळणात काचतंतू आखूड होतात. काळ्या रंगाचे तुकडे अवरक्त किरणांच्या वर्गीकरण यंत्राला ओळखू येत नाहीत. आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनची जुनी द्रव्ये आता नको आहेत. नायलॉन ६ उलट फिरवून त्याच्या मूळ कॅप्रोलॅक्टमपर्यंत नेता येते, नायलॉन ६६ इतके सहज वळत नाही. युरोपीय आयोगाने जुलै २०२३ मध्ये नव्या गाड्यांतले २५ टक्के प्लॅस्टिक पुनर्चक्रित असावे असा प्रस्ताव मांडला, तेव्हा वाहन उद्योगाचा पहिला प्रश्न होता, ताकदीची हमी देणारा एवढा माल आहे कुठे?

भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांना पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. ती सोने, तांबे, अॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्या वजनावर निघतात. त्याच टीव्हीच्या, संगणकाच्या, मिक्सरच्या अंगातले एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या मोजणीत येत नाही.